चारशे बारावरचा वाढता डाग

माझी मावशी झाडांवर नंबर टाकायची. शहराच्या उद्यान खात्यात तिने एकतीस वर्षं हे एकच काम केलं. रस्त्याच्या कडेचं झाड, छातीच्या उंचीवर, रस्त्याकडे तोंड करून, चार बोटं उंच पांढरे आकडे. तिच्या हातचे नंबर आमच्या शहरातल्या एकोणीस हजारांहून जास्त झाडांवर आहेत. साचा ती कधीच वापरत नसे. "साल काय भिंत आहे का सपाट? साच्याखालून रंग पळतो," असं म्हणायची. चारचा आकडा तिला सगळ्यात अवघड वाटायचा, कारण त्याची आडवी रेघ सालीच्या भेगेत हमखास घसरते. आठ मात्र ती डोळे मिटूनही काढेल.

पण तिची ख्याती आकड्यांची नव्हती. तिची ख्याती अशी की तिच्या हातून रंग सांडत नाही. ब्रश डब्यात बुडवायचा, डब्याच्या काठाला एकाच अंगाने पुसायचा, आणि झाडाकडे नेण्याआधी मनगटाला एक छोटीशी गिरकी द्यायची. त्या गिरकीत लोंबणारा थेंब ब्रशवर परत चढायचा. डाव्या तळहातावर फडकं कायम पसरलेलं, पण मी ते फडकं पाहिलंय. वर्षानुवर्षं तेच होतं आणि स्वच्छ होतं. घरीही तसंच. चहाची बशी ती नुसती शिस्त म्हणून ठेवते, तिच्यात कधी काही पडत नाही. काका, म्हणजे तिचे यजमान, तिच्या अगदी उलट. ते शिंपी होते, आता घरीच असतात. त्यांच्या हातून पाणी सांडतं, बटणं सांडतात, एकदा तर टाचण्यांचा अख्खा डबा सांडला होता आणि आठवडाभर घरात सगळे चपला घालून फिरत होते. ते म्हणायचे, "हिच्या तोंडून शब्दसुद्धा सांडत नाही. मोजून देते, तेही पुसून."

मावशी साठीला आली तेव्हा तिचा उजवा खांदा पार गेला होता. हात छातीच्या वर उचलला की कळ यायची. निवृत्तीला दोन महिने होते आणि तिने काकांना सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी सुटेन त्याच्या दुसऱ्या दिवशी मला उठवायचं नाही. ऊन पायावर आलं की मी आपोआप उठेन." काका इतके उत्साहात होते की त्यांनी तिचा जेवणाचा डबा आत्ताच माळ्यावर टाकला. ती दोन महिने पोळी कागदात गुंडाळून नेत होती.

आणि मग तिला नोटीस आली.

नोटिशीत लिहिलं होतं : "झाड क्रमांक ४१२ वर आपल्याकडून सांडलेल्या रंगाचा डाग गेल्या अकरा वर्षांत अडतीस मिलिमीटरवरून साठ मिलिमीटर झाल्याचे निदर्शनास आले आहे. सदर डागाची वाढ आपण त्वरित थांबवावी व तसा अहवाल सादर करावा."

मावशीने ती दोनदा वाचली, घडी घातली आणि काकांना दिली. काकांनी ती एकदाच वाचली आणि चहा सांडला.

हा डाग कुठून आला ते सांगायला हवं. खात्यात एक डागवही असते. नंबर टाकताना रंग सांडला, तर नंबरापासून वीतभर अंतरातला प्रत्येक डाग वहीत चढवायचा. कोणी सांडला, किती लांब, किती रुंद. मग दरवर्षी तो पुन्हा मोजायचा. ऊन-पावसाने डाग तीन-चार वर्षांत जातो, गेला की नोंद बंद. त्यासाठी वहीत दोन रकाने : 'कमी झाला' आणि 'तेवढाच आहे'.

ही मोजणी करणारे गृहस्थ खात्यात मोजणीवाले म्हणूनच ओळखले जातात. बारीक अंगाचे, खिशात पोलादी पट्टी, पट्टीला स्वतः शिवलेलं कापडी म्यान. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच फेरीत, त्यांना चारशे बारावर नंबराच्या डावीकडे एक पांढरा ठिपका दिसला.

मावशी तेव्हा शेजारच्याच झाडावर होती. ती म्हणाली, "भाऊ, तो माझा नाही."

"ताई, पांढरा आहे, गोल आहे, नंबराच्या शेजारी आहे. मी काय लिहू?"

"काय लिहायचं ते लिहा. पण तो माझा नाही."

मोजणीवाल्यांनी 'रंगाचा डाग, ३८ मि.मी.' असं लिहिलं. मावशीच्या पानावरची ती पहिली नोंद. आणि शेवटचीही, कारण तिच्या पानावर दुसरं काही कधी आलंच नाही. पुढच्या वर्षी मोजणीवाल्यांनी पट्टी लावली तर चाळीस. त्यांनी पुन्हा लावली. चाळीस. 'कमी झाला' असं लिहावं तर खोटं, 'तेवढाच आहे' असं लिहावं तरी खोटं. 'वाढला' असा रकानाच नाही, कारण रंग वाढेल असं वही छापणाऱ्याला वाटलं नव्हतं. मोजणीवाले प्रामाणिक माणूस. त्यांनी समासात बारीक अक्षरात 'चाळीस' लिहिलं. मग दरवर्षी समासातच लिहीत गेले. समास कोणी वाचत नाही.

नव्या साहेबांनी वाचला.

नवे साहेब वाईट नव्हते, हे मी आधीच सांगते. ते नीटनेटके होते. टेबलावर तीन पेनं एका रेषेत आणि त्यांचं मत असं की जगात न सुटणारा प्रश्न नसतो, न बंद झालेली फाइल असते. मावशी त्यांच्या समोर उभी राहिली तेव्हा मीही तिच्याबरोबर होते. खांद्याच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मला तिने कामावरून सरळ बोलावलं होतं.

"बसा बाई," साहेब म्हणाले. "वाढ कधी थांबवताय?"

"साहेब, मी सुरूच केली नाही."

"तसं सगळेच म्हणतात."

"बाकी कोणाचा डाग वाढलाय?"

साहेबांनी वही चाळली. "कोणाचाच नाही. म्हणून तर तुम्हाला नोटीस."

"साहेब, मागच्या महिन्यात आमचे एक जण सुटले. त्यांच्या पानावर चारशे अकरा डाग होते."

"बरोबर. सगळे गेलेले, सगळे बंद. स्वच्छ पान. त्यांना हारसुद्धा घातला." साहेब पुढे वाकले. "तुमचा एकच आहे, पण तो उघडा आहे. उघडी नोंद असताना मी तुम्हाला मुक्त करण्याचा आदेश काढू शकत नाही."

"पण पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होतील."

"घरी होतील," साहेब म्हणाले. "खात्यात नाही. नोंद बंद होईपर्यंत कागदोपत्री तुम्ही एकोणसाठच्याच."

मी तोंड उघडणार होते, पण मावशीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

मग साहेबांनी अगदी मायेने एक छापील कागद पुढे केला. "याला दोन वाटा आहेत. एक, डाग थांबवा. दोन, ही कबुली. 'सदर डाग माझ्याकडून सांडला' एवढंच. सही झाली की कारणासह नोंद बंद. पाच मिनिटांचं काम. मलाही बरं वाटेल, तुम्हालाही."

"आणि सेवापुस्तकात काय लिहाल?"

"की तुम्ही एक डाग सांडला. एक! एकतीस वर्षांत एक डाग म्हणजे काहीच नाही हो."

"काहीच नाही, तर लिहूच नका," मावशी म्हणाली. "मी सांडला नाही. सही करणार नाही."

बाहेर मोजणीवाले उभे होते. पट्टीचं म्यान दोन्ही हातांत धरून. "ताई, चुकलं माझं. पण एकदा लिहिलं ते लिहिलं. मी काही मोजायचं थांबवू शकत नव्हतो."

"तुमचं मोजणं चुकलं नाही, भाऊ. नाव चुकलं."

त्या संध्याकाळी काकांनी खूप विचार केला. खूप विचार केला की ते खोलीत फेऱ्या मारतात आणि फेऱ्या मारताना वस्तू पाडतात. "म्हणजे तू आता एकोणसाठ आणि मी सदुसष्ट," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी मी अडुसष्ट, तू एकोणसाठ. अजून दहा वर्षांनी लोक म्हणतील, म्हाताऱ्याने कोवळी बायको केली."

"तुम्ही तो तांब्या आधी खाली ठेवा."

"अगं, मग सही करून टाक ना! मी तर रोज कबुली देतो. कोणी सांडलं? मी. संपलं. कोणी मेलं नाही त्याने."

"तुम्ही सांडता म्हणून देता. तुमची खरी असते." मावशी खांदा शेकत होती. "माझ्याकडे दुसरं काय आहे? नंबर कोणीही काढतो. उद्या पत्र्याचा बिल्ला ठोकतील, झालं. न सांडणं तेवढं माझं होतं. ते मी जाता जाता खोट्याने का देऊ?"

काकांनी तांब्या खाली ठेवला, टेबलाच्या काठावर, आणि तो पडला.

दुसऱ्या दिवशी मी चारशे बारापाशी गेले. मी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, पिशवीत भिंग असतंच. झाड गुळगुळीत, राखाडी सालीचं. डाग बघून मला पहिल्यांदा मोजणीवाल्यांची दयाच आली, कारण चार पावलांवरून तो खरंच रंगाचा वाटतो. राखाडीकडे झुकणारा पांढरा, जवळजवळ गोल, सालीला असा बसलेला की जाडी म्हणून नाहीच. मी नखाने कड उचलायचा प्रयत्न केला. कड उचलली जात नाही. त्याला खालची बाजूच नव्हती. तो सालीवर ठेवलेला नव्हता, सालीतच रुतला होता, आणि नख रेटलं तर सालीचा कणही बरोबर यायला लागला.

भिंग लावल्यावर मात्र मी तिथेच मांडी घालून बसले. तो डाग नव्हताच, एक अख्खा मुलूख होता. पृष्ठभाग तळ्याच्या सुकलेल्या चिखलासारखा बारीक तडकलेला, प्रत्येक तुकडा पिनेच्या डोक्याएवढा. त्यांच्यामधे काळ्या टिकल्या. नीट पाहिलं तर टिकल्या नव्हे, छोट्या थाळ्या; काळा तळ आणि भोवती फिकट उंच काठ. कडेने एक बारीक काळी रेघ, इतकी एकसारखी की कोणी टाकाने ओढली असावी. पांढरी हद्द संपली तरी ही काळी रेघ पुढे सालीवर केसभर सरकलेली होती, जणू मोजणीदार आधी पुढे जाऊन खुणा करतोय आणि वस्ती मागून येतेय. डाग वाढत होता तो इथून, वर्षाला प्रत्येक अंगाला एखादा मिलिमीटर.

माझी खात्री पटली. शैवाक. एक बुरशी आणि एक शेवाळ, दोघं मिळून एक घर करून राहतात. बुरशी भिंती-छप्पर देते, शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं. काही शैवाकं पानांसारखी पसरतात, काही दाढीसारखी लोंबतात; हे खपलीसारखं चिकटून बसणाऱ्यांपैकी. अशी शैवाकं माणसापेक्षा जास्त जगू शकतात.

हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिला त्यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटलं. "माणसापेक्षा जास्त?"

"हो."

"म्हणजे हे थांबायची वाट बघत मी तिथे एकोणसाठचीच मरणार."

मी साहेबांना लेखी कळवलं की डाग जिवंत आहे आणि ते मी जागेवर दाखवते. साहेब जागेवर यायला एका पायावर तयार होते. पाहणीचा दिवस ठरला : मावशीच्या खऱ्या साठीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा. साहेब आले, मोजणीवाले आले, मावशी कामावरच होती म्हणून तिच्या हातात डबा आणि ब्रश होताच. काका आमंत्रण नसताना आले. "घरचा माणूस लागतो अशा वेळी," ते म्हणाले.

आधी मावशीने वर बोट दाखवलं. "साहेब, वरच्या फांद्यांवरही असेच आहेत बघा. मी का तिथे शिडी लावून सांडायला गेले?"

साहेबांनी वर पाहिलं. कौतुकाने पाहिलं. "नियम वीतभराचा आहे. वरचे आपल्याकडे येत नाहीत."

मग मी पाण्याची बाटली काढली आणि डागावर थोडं पाणी सोडलं. हे मी प्रयोगशाळेत दगडावरच्या शैवाकावर आधी करून पाहिलं होतं. पाणी लागलं की वरचं आवरण पारदर्शक होतं आणि आतलं शेवाळ दिसतं. बघता बघता पांढरा डाग हिरवट झाला, पावसात न्हालेल्या पोपटाच्या पिसासारखा.

"बघा साहेब," मी म्हणाले. "रंग बदलला."

"बदलला," साहेब म्हणाले. "म्हणजे रंगच आहे. रंग नसता तर काय बदललं असतं?"

मग मी पोटॅशच्या द्रावणाचा एक थेंब काचेच्या कांडीने डागाच्या कडेला लावला. थेंब पिवळा झाला, आणि पिवळ्याचा हळूहळू विटकरी लाल. शैवाकातल्या आम्लाची ती खूण असते. मी ते समजावून सांगायला लागले, पण साहेबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"पांढरा, हिरवा, पिवळा, लाल," ते बोटांवर मोजत होते. "एकाच डब्यात. आणि अकरा वर्षं ऊन-पाऊस खाऊन टिकलाय. खरवडून पाहिलंत?"

"निघत नाही. सालीत रुतलाय," मी म्हणाले, आणि तोंडातून गेल्यावर कळलं की हे बोलायला नको होतं.

"निघत नाही!" साहेब म्हणाले. "आणि वर स्वतःच वाढतो. म्हणजे पुन्हा लावायला नको. बाई, आपले नंबर दर चार वर्षांनी गिरवावे लागतात. तुम्ही हे आधी का नाही सांगितलं? हा रंग तुम्ही कालवलात कसा?"

मावशी म्हणाली, "साहेब, मी कालवला नाही."

"विनय पुरे. मी नोटीस मागे घेतो. त्याऐवजी प्रशस्तिपत्र देतो. 'न निघणारा, स्वयंवर्धक रंग प्रथम वापरल्याबद्दल.' तुम्ही फक्त एवढी सही करा की हा तुमचा आहे."

कागद तोच होता. कबुलीचाच. त्यांनी 'सांडला' खोडून वर 'लावला' लिहिलं आणि पेन पुढे केलं.

काका मावशीच्या कानाशी गेले. "अगं, आता तर बक्षीस आहे. आता तरी कर."

"शिक्षा घेतली नाही तर बक्षीस कसं घेऊ? सांडला नाही, तसा लावलाही नाही." ती साहेबांकडे वळली. "साहेब, माझा रंग बघायचाय ना? हा नंबर माझा आहे. चार, एक, दोन. घाला पाणी यावर."

मी घातलं. नंबर पांढराच राहिला. मला वाटलं, झालं, सुटलो.

साहेबांनी मान हलवली. "हा अंक आहे. अंक लावलेला असतो, डाग सांडलेला. वहीत दोघांची पानं वेगळी आहेत. लावलेला रंग सांडलेल्यासारखा वागेल असं मी कशावरून धरू? तुमचा सांडलेला डाग दाखवा, त्याच्याशी ताडून बघू."

"माझा सांडलेला डाग नाहीच."

"मोजणीवाले?"

मोजणीवाल्यांनी वही उघडली. "नाही साहेब. ताईंच्या पानावर हा एकच."

"मग कशाशी ताडायचं?" साहेब खरंच हळहळले. "बाई, तुम्ही जरा चार-दोन सांडले असते, तर आज हा तुमचा नाही हे दोन मिनिटांत सिद्ध झालं असतं."

रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, थोडं पुढे जाऊन परत आला आणि थांबून बघायला लागला.

मावशीने डब्याकडे पाहिलं. मग डागाकडे. मग डब्याचं झाकण काढलं.

"मी सांडते," ती म्हणाली.

मोजणीवाल्यांनी श्वास आत ओढला. "ताई, नको. मी सांडतो हवं तर. माझ्या हातून."

"तुमच्या हातून सांडला तर तुमचा होईल. साहेबांना माझा हवाय."

तिने ब्रश बुडवला आणि बाहेर काढला. थेंब टोकाशी जमला, टपोरा झाला. तिने ब्रश झाडाजवळ नेला आणि मनगटाने गिरकी घेतली. थेंब वर चढला.

"सवय," ती म्हणाली. पुन्हा बुडवला. या वेळी काठाला पुसलाही नाही, रंग अगदी गळायला आला होता. झाडापाशी पोचेपर्यंत गिरकी, गिरकी, आणि डावा हात फडक्यासकट खाली हजर. तिने फडकं माझ्याकडे दिलं. तिसऱ्यांदा मनगट डाव्या हाताने धरून ठेवलं, तर खांद्यानेच ती गिरकी दिली. तिला कळ आली, पण थेंब पडला नाही.

"नाही होत," मावशी म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "साहेब, मला येतच नाही."

आता काका पुढे झाले. अख्ख्या आयुष्यात त्यांना मावशीला काही शिकवायची संधी मिळाली नव्हती.

"चुकतेस कुठे सांगू? तू ब्रशकडे बघतेस," ते म्हणाले. "बघितलं की संपलं. सांडताना वस्तूकडे कधीच बघायचं नसतं. मन दुसरीकडे पाहिजे. मी टाचण्या सांडल्या तेव्हा मी तुझ्या भावाचा विचार करत होतो."

"माझ्या भावाचं काय मधेच?"

"काही नाही. त्याने शिवून नेलेला कोट. मापात काही चूक नव्हती, पोट त्याचं सुटलं होतं."

"पोट सुटलं नव्हतं! तुम्ही बाह्या आखूड केल्यात. चार लोकांत त्याने हात वर केला आणि—"

"हात वर करायची गरजच काय होती?"

"अहो, नवरदेवाचा भाऊ होता तो! हात वर नाही करणार तर—" मावशी गर्रकन त्यांच्याकडे वळली, ब्रशसकट.

टप्.

कोणीच हललं नाही. नंबराच्या खाली, डागापासून चार बोटांवर, सालीवर एक पांढरा थेंब बसला होता. तो थोडा घरंगळला, त्याला एक बारीक शेपटी फुटली, आणि थांबला.

मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आपण आरशात पहिला पांढरा केस पाहतो.

"कोटाचं मात्र तुझं बरोबर होतं," काका हळूच म्हणाले. "बाह्या आखूडच होत्या."

थेंब सुकायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ सगळे झाडाखाली उभे राहिले. साहेबांनी सायकलवाल्याला दोनदा पुढे जायला सांगितलं, तो गेला नाही. मग मी दोन्हींवर सारखं पाणी सोडलं. मूळ डाग हिरवट झाला. थेंब पांढराच. पोटॅशचा थेंब लावला, तिकडे लाल, इकडे काहीच नाही. शेवटी मोजणीवाल्यांनी नखाने नव्या थेंबाची शेपटी हलकेच उचलली. ती सालीपासून सुटून पापुद्र्यासारखी वर आली, साल तशीच्या तशी.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "दोन्ही एका हातचे नाहीत," ते म्हणाले. मला त्यांचा आवाज थोडा खट्टू वाटला. न निघणारा रंग हातचा गेला होता. पण फाइल बंद होणार होती, आणि त्या आनंदात ते सावरले. त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं : "डाग क्र. १, रंग नाही. नोंद चुकीने झाली. नोंद बंद." खाली सही.

"झालं, बाई. तुमचं पान कोरं झालं. आदेश दुपारी टंकून मिळेल. तुमचं वय उद्यापासून पुन्हा चालू."

मावशीने कागद वाचला. मग थेंबाकडे बोट केलं. "आणि हा?"

साहेबांनी मोजणीवाल्यांकडे पाहिलं. मोजणीवाल्यांनी पट्टी म्यानात सरकवली. "मी काही मोजलं नाही, ताई. पेनही काढलं नव्हतं. अजून कच्चाच आहे तो, फडकं मारलं तर निघेल."

फडकं माझ्याच हातात होतं. मी ते पुढे केलं. काकांनीही मान डोलावली. साहेब तर दुसरीकडेच बघायला लागले होते, वरच्या फांद्यांकडे.

मावशीने फडकं घेतलं, त्याने ब्रशची मूठ पुसली आणि ते खांद्यावर टाकलं.

"काढा पट्टी, भाऊ."

"ताई, कशाला पण? एकतीस वर्षं—"

"अकरा वर्षं मी म्हणत होते, जो माझा नाही तो माझ्या नावावर लिहू नका. मग जो माझा आहे तो लिहायला नको? काढा पट्टी."

मोजणीवाल्यांनी पट्टी काढली. त्यांनी दोनदा मोजलं. शेपटीसकट नऊ मिलिमीटर, रुंदी चार. वहीत कारणाचाही रकाना असतो.

"कारण काय लिहू?"

"नवऱ्याशी बोलत होते."

त्यांनी तसंच लिहिलं. खाली रेघ होती, 'सदर डाग माझ्याकडून सांडला.' मावशीने डबा खाली ठेवला, पेन घेतलं आणि सही केली. तिची सहीसुद्धा तिच्या आकड्यांसारखीच आहे, ठसठशीत आणि सरळ. पण त्या दिवशी ती नेहमीपेक्षा मोठी आली, रेघेच्या दोन्ही बाजूंना बाहेर गेली.

दुपारी आदेश मिळाला. सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानावर टंकलेलं होतं : "सेवाकाळातील एकूण डाग : एक." काकांनी ते पायरीवरच उघडून वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"माझ्यामुळे झालं गं. मी कोटाचं काढायला नको होतं. तो डाग खरं म्हणजे माझाच."

मावशीने पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं, कारण ते त्यांच्या हातात फार वेळ सुरक्षित नव्हतं.

"तुमचे घरी आहेत भरपूर," ती म्हणाली. "हा माझा आहे."